चिंतलवार वकिलांचा जिनेव्हा

चिंतलवार वकिलांच्या गोष्टी सांगून मी एकदा नागपुरात तीन मोठ्या माणसांना पोट धरधरून हसवलं होतं. ती माझी चूक होती. साधीसुधी चूक नव्हे. एका माणसाच्या हाताशी आलेली गोष्ट तिच्यामुळे निसटली. आज त्याच गोष्टी पुन्हा सांगायला बसलो आहे. वाचणाऱ्याला हसू आलं तर खुशाल हसावं. चिंतलवारांची हरकत नव्हतीच कधी. आपल्यावर हसणाऱ्याला ते वर चहा पाजत. फक्त तेव्हा मी जे सांगायचं टाळलं, ते या वेळी टाळणार नाही.

सुरुवात ओव्हरकोटापासून करावी लागेल.

चांद्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला निराळं सांगायला नको. दुपारी कोर्टाच्या आवारात पक्षकार झाडाच्या सावलीबरोबर सरकत सरकत बसतात. अशा एका दुपारी चिंतलवार बाररूममध्ये आले ते गुडघ्यापर्यंत लोंबणारा काळा लोकरीचा ओव्हरकोट घालून. कॉलर वर, गुंड्या सगळ्या लावलेल्या, आणि मिशीच्या टोकावरून घाम ठिबकतो आहे.

"काय भाऊ, ताप आला का?" मी विचारलं. मी त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी लहान. वकिलीत त्यांच्याच बोटाला धरून आलेला.

"ताप नाई. सवय करून राह्यलो."

"कशाची?"

"थंडीची."

"पण भाऊ, चांद्यात कोट घालून गर्मीची सवय होईन. थंडीची कशी होईन?"

चिंतलवारांनी डोळे मिटून विचार केला. प्रतिपक्षाचा मुद्दा ते नेहमी असा मन लावून ऐकत. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय तुहा. पण कोटाची तं होईन ना? तिथी गेल्यावर कोटात अवघडून बसलो, तं सारं ध्यान कोटाकडं. कायद्याकडं कोण पाहीन?"



"तिथी" म्हणजे जिनेव्हा. त्याचं असं झालं होतं की महायुद्ध संपल्यावर जगातल्या राष्ट्रांनी मिळून माणसाच्या हक्कांचा एक जाहीरनामा काढला. चांद्याला तो कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चिंतलवारांनी मात्र कुठून तरी त्याची इंग्रजी प्रत पैदा केली आणि बघता बघता त्यांना त्याची तीसही कलमं तोंडपाठ झाली. त्यानंतर त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं: "यात माणसाचा प्रश्न हाय." बांधाचं भांडण असो, सोडचिठ्ठी असो, कुणाची म्हैस कुणाच्या तुरीत शिरलेली असो, चिंतलवार उभे राहत, चष्मा पुसत आणि म्हणत, "हुजूर, यात माणसाचा प्रश्न हाय." मॅजिस्ट्रेट खुर्चीत मागे रेलून बसत. आता अर्धा तास गेला हे त्यांना कळलेलं असे.

गोंडपिपरीच्या एका शेतकऱ्याचा बैल कोंडवाड्यात अडकला तेव्हा चिंतलवारांनी मुक्तपणे हिंडण्याफिरण्याचं तेरावं कलम काढलं.

"वकीलसाहेब," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "हे कलम माणसासाठी आहे. बैलासाठी नाही."

"मान्य, हुजूर. पण पेरणीच्या दिवसात बैल थांबला का मागचा माणूस थांबते. बैल कोंडवाड्यात हाय, अन् अटकेत माझा पक्षकार हाय."

कोर्ट हसलं, पण बैल सुटला.

घरी मात्र त्यांची गाठ अनसूयाबाईंशी होती. या वकिलीणबाई शिकलेल्या जेमतेम चौथी. पण नवरा रोज रात्री मोठ्याने कलमं म्हणतो म्हटल्यावर त्यांनाही ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. एका बुधवारी चिंतलवार जेवायला पाटावर बसले तर चूल थंड.

"स्वयंपाक?"

"आज नाई. चोविसावं कलम. इश्रांतीचा हक्क."

"ते कामगाराइसाठी हाय."

"मंग मी कोण? वीस वर्सं झाली, एक सुट्टी नाई, पगार तं इचारूच नका. हुजूर, यात माणसाचा प्रश्न हाय!"

चिंतलवार दाव्यात हरले की मोकळेपणाने हरत. ते उठले, चूल पेटवली आणि भात लावला. तो भात खाली करपला, वर कच्चा राहिला आणि मध्ये खीर झाली. त्या दिवसापासून दर बुधवारी त्यांच्या घरी ते स्वतः रांधू लागले. अनसूयाबाई ओट्यावर पाय पसरून पान चघळत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आज माझा हक्क शिजून राह्यला आत. या बसा."

अशा या माणसाच्या नजरेस वर्तमानपत्रातला एक मजकूर पडला. परदेशातली एक विधिसंस्था आपल्याकडच्या एका वकिलाला वर्षभराची फेलोशिप देणार होती. मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला जिनेव्हाला जायचं, तिथली कोर्टं बघायची, परत येऊन आपल्या देशात काम करायचं. निवड नागपुरात व्हायची होती. वयाची अट नव्हती. चिंतलवार तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. त्यांनी अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले.

कोटाचं सांगितलंच. कोटाने थंडी येत नाही हा माझा मुद्दा त्यांनी मनावर घेतला आणि थंडीसाठी रहीमभाई बर्फवाल्याला गाठलं. रहीमभाईंच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत लाकडाच्या भुशात बर्फाच्या लाद्या रचलेल्या असत. चिंतलवार ओव्हरकोट घालून, दोन लाद्यांच्या मध्ये स्टूल टाकून, कायद्याचं पुस्तक वाचत बसू लागले. अख्खं चांदा उन्हात भाजत असताना एक माणूस दात वाजवत वाचतो आहे, ही बातमी शहरभर झाली. चार दिवसांत त्या खोलीत गर्दी होऊ लागली. कुणी म्हणे मलाही जिनेव्हाला जायचं आहे, कुणी म्हणे मी वकीलसाहेबांना सोबत करतो. शेवटी रहीमभाईंनी हात जोडले.

"वकीलसाब, जिनेव्हा कितने बजे तक चलेगा? दार उघडं राहून माझा बर्फ वितळून राह्यला. गिऱ्हाईकाले काय पाणी विकू?"

"रहीमभाई, यात माणसाचा..."

"माणसाचा हाय तं माणसाच्या घरी नेऊन बसवा. बर्फाचाबी काही हक्क हाय का नाई?"

चिंतलवारांना हे इतकं आवडलं की त्यांनी तीन दिवस हा सवाल बाररूममध्ये सगळ्यांना घातला.

आणि एक तयारी अशी होती की जिचा जिनेव्हाशी संबंध कुणाला लागेना. ते गोंडी शिकत होते. आठवड्याच्या बाजारात मोहफुलं आणि चारोळी विकायला जंगलातून एक म्हातारी येई. तिच्यासमोर हा वकील उकिडवा बसून एकेक वाक्य घोकत असे. म्हातारी आधी "जोहार" करून घेई, मग शिकवणी सुरू. चुकलं की ती आपल्या सोबतिणींना हाक मारून ते वाक्य त्यांना ऐकवायला लावी आणि साऱ्या जणी तोंडाला पदर लावून हसत. चिंतलवारही हसत, आणि पुन्हा म्हणत.

बाररूम म्हणे, "फ्रेंच शिकायची सोडून म्हातारा गोंडी शिकून राह्यला. जिनेव्हाले काय मोहफुलं विकणार हाये?"

मीही त्या हसण्यात होतो. पण मला कारण ठाऊक होतं. त्यांनी ते मला सांगितलं होतं, गोंडपिपरीच्या बसमध्ये, शेजारी बसून.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. जमीनदाऱ्या गेल्या, जंगलं सरकारकडे आली. जंगलातल्या लोकांचा वहिवाटीचा निस्तार, म्हणजे घरापुरतं लाकूड, बांबू, गवत आणण्याची मुभा, कुठे राहिली आणि कुठे सुटली हे कुणालाच नीट कळेना. खटले मात्र थप्पीने येऊ लागले. त्यावर आम्हा वकिलांनी एक सोपी रीत काढली होती. आरोपी गोंड किंवा माडिया, त्याला मराठी येत नाही, आम्हाला त्याची भाषा येत नाही. खटला चालवायचा तर महिने जाणार. त्यापेक्षा "गुन्हा कबूल?" असं कोर्टाने विचारलं की त्याच्या वतीने आम्हीच म्हणायचं, "कबूल, हुजूर." थोडा दंड व्हायचा, माणूस संध्याकाळी घरी. त्यात त्याचंच भलं आहे असं आम्ही मानत होतो. सगळेच तसं करत. मीही कितीदा तरी केलं.

कन्ना नावाच्या एका माडिया माणसाच्या वतीने चिंतलवार असंच "कबूल" म्हणाले आणि दुसऱ्या खटल्याकडे वळले. कन्नाने घराच्या आढ्यासाठी एक झाड तोडलं होतं. दंड झाला. पण या वेळी तो भरायला कुणी नव्हतं, आणि न भरला तर तुरुंग हे कन्नाला कुणी सांगितलं नव्हतं. शिपाई त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चिंतलवार कोर्टात आले तर चिंचेखाली त्याची बायको बसलेली. नवरा आतून बाहेर येईल म्हणून ती रात्रभर कोर्टाच्या बंद दाराकडे बघत बसली होती.

त्यांनी धावपळ करून कन्नाला सोडवलं. गोंडी जाणणारा एक माणूस शोधून आणला आणि विचारलं, तुला काही सांगायचं आहे का?

"त्यानं एकच इचारलं," चिंतलवार मला म्हणाले होते. "मी काय केलं होतं? बस, एवढंच. वसंता, त्याचा वकील मी, अन् त्याले एवढंबी माहीत नव्हतं. गुन्हा त्यानं नाई, मीच कबूल केला ना."

नंतर ते म्हणाले, "तिकडच्या काही देशाईनं आपसात करार केला हाय म्हणे. आरोपीले त्याच्या भाषेत सांगतल्याबिगर खटला पुढं सरकतच नाई. आपल्याबी कायद्यात दुभाषा हाय, पण कोर्टात कुठी हाय? ते लोक हे रोज कसं निभावतात, दुभाषा कुठी उभा राहते, जज किती वेळ थांबते, हे मले डोळ्यानं पाह्याचं हाय. मंग येऊन इथी करीन. तवर आपली गोंडी शिकून ठेवतो."

हे सगळं माहीत असलेला मी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी एका अपिलाच्या कामाने नागपुरात होतो. लॉ कॉलेजातले माझे जुने सर निवड समितीवर आहेत हे मला ठाऊक नव्हतं. सहज भेटायला गेलो तर समितीचे आणखी दोघे तिथे चहाला बसलेले. सर म्हणाले, "तुमच्या चांद्याचे एक चिंतलवार आहेत उद्या. कसे काय गृहस्थ?"

मी एक चांगलं वाक्य बोलून थांबायला हवं होतं. पण मी ओव्हरकोट सांगितला. ते हसले. मग बैल सांगितला. मग रहीमभाईंचा बर्फ. सरांच्या हातातला चहा बशीत सांडला. एवढी मोठी माणसं माझ्या बोलण्यावर इतकी हसताहेत, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मला ते थांबवेना. आणि शेवटी, टाळी घ्यावी तसं, मी म्हणालो, "आणि सर, जिनेव्हाला जायची तयारी म्हणून गृहस्थ काय शिकताहेत माहीत आहे? गोंडी!"

खोली दणाणली. कन्नाचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. पण ते काढलं असतं तर हसणं थांबलं असतं. म्हणून मी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीत काय झालं ते मी विचारलं नाही. निकाल त्याच संध्याकाळी लागला. फेलोशिप नागपूरच्याच एका तरुण वकिलाला मिळाली. चिंतलवार चांद्याला परतले, बाररूममध्ये सगळ्यांना चहा सांगितला.

"नाई जमलं," ते म्हणाले. "पोरगा हुशार हाय पण. फ्रेंच येते त्याले."

"अन् तुमचा कोट कुठी हाय, भाऊ?" कुणीतरी विचारलं.

"देऊन आलो त्याले. त्याच्यापाशी नव्हता. मापानं थोडा ढिला झाला, पण आतून स्वेटर घालीन तो."

सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून बाहेर आलो.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्यांच्याशी जरा जास्तच चांगला वागलो. त्यांची पिशवी उचलायची, बसमध्ये खिडकी त्यांना द्यायची, बुधवारचा करपलेला भात मागून मागून खायचा. अनसूयाबाई म्हणत, "या वसंताले काहीतरी झालं हाय. हा भात कोणी सुखानं खात नाई." चिंतलवार नुसते हसत. तालुक्याच्या कोर्टात कुठे तारीख असली की आदल्या दिवशी निरोप येई, "येतोस का संगं?" आणि मी जाई. दर वेळी ठरवून जाई की आज सांगून टाकायचं, आणि दर वेळी तसाच परत येई.

शेवटच्या वेळी आम्ही गडचिरोलीला गेलो होतो. तिथल्या कोर्टात मी पहिल्यांदाच जात होतो. कोर्टात जंगलाचा खटला निघाला. पिंजऱ्यात एक म्हातारा गोंड. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सवयीने तोंड उघडलं, मग थांबले आणि म्हणाले, "हं, चिंतलवार, तुमचं जिनेव्हा होऊन जाऊ द्या आधी."

मला काही कळेना. चिंतलवार उठले, पिंजऱ्यापाशी गेले आणि त्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून गोंडीत सावकाश सांगू लागले. आरोप काय आहे, हे समोरचे कोण आहेत, हो म्हटलं तर काय होईल, नाही म्हटलं तर काय होईल. म्हाताऱ्याने मध्येच काही विचारलं. चिंतलवारांनी उत्तर दिलं. म्हातारा खुदकन हसला आणि त्याने त्यांचा एक शब्द सुधारून दिला. सरकारी वकील खिडकीबाहेर बघत होते. पट्टेवाला माझ्याजवळ सरकून कुजबुजला, "इथी रोज असंच हाय, साहेब. आरोपीले समजावल्याबिगर आता खटला सुरूच होत नाई. चिंतलवारसाहेब नसले तं मलेच जिनेव्हा करा लागते. मी गोंड हाय ना."

म्हाताऱ्याने गुन्हा कबूल नसल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. म्हातारा बाहेर आला तो असा ताठ चालत आला, जणू कोर्ट त्यालाच भेटायला आलं होतं.

परतताना वैनगंगेवर आलो. तिथे पूल नाही. बस अलीकडेच थांबते, डोंगीने नदी ओलांडायची आणि पलीकडे दुसरी बस धरायची. डोंगीत एक तंबाखूवाला, एक सायकल, कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई आणि आम्ही दोघे. नदीला पाणी बरंच होतं आणि वारा सुटला होता. मध्यावर आल्यावर मी सुरुवात केली, आणि सुरुवातही वकिलासारखीच केली.

"भाऊ, समजा एखाद्या माणसानं, वाईट हेतू नसताना, बोलण्याच्या ओघात..."

"समजा कशाले?" चिंतलवार म्हणाले. "नागपूरचं बोलून राह्यला ना तू?"

"तुम्हाले माहीत होतं?"

"पहिलाच सवाल त्याईनं केला, जिनेव्हाले गोंडी कोणाशी बोलणार? अन् सारे हसून राह्यले. मी कारण सांगू लागलो, पण हसणाऱ्या माणसाले कारण ऐकू येत नाई." ते पाण्याकडे बघत होते. "अन् हे सारं, कोटाचं, बर्फाचं, इतकं रंगवून सांगणारा चांद्यात एकच हाय. चांगलं सांगतोस तू."

"मग दोन वर्षं बोलले काऊन नाही?"

कोंबडीवाली बाई आमच्याकडे बघत होती.

"बोललो असतो तं तू शरमेनं याचा बंद झाला असता," ते म्हणाले. "मंग या डोंगीत माझ्या बाजूले कोण बसलं असतं? माझ्यावर हसाले सारं चांदा हाय, वसंता. पण तारखेले संगं कोणी येत नाई. कन्नाचं मी तुलेच सांगतलं होतं. घरीबी नाई सांगतलं."

मी एकदम उभा राहिलो. कशासाठी ते मलाही कळलं नाही. डोंगी एका अंगाला कलली, सायकल घसरली, टोपलीतल्या कोंबड्यांनी गोंधळ घातला.

"ओ वकील!" डोंगीवाला ओरडला. "खाली बसा! साऱ्याइले बुडवता का?"

"बसा ना जी," तंबाखूवाला म्हणाला. "जे बोलाचं ते बसून बोला. आमी ऐकून राह्यलो."

चिंतलवार गदगदा हसायला लागले. त्यांनी माझ्या कोटाची बाही धरून मला खाली ओढलं. मी त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. वारा इतका होता की हळू बोलून चालणार नव्हतं. म्हणून ते मी साऱ्या डोंगीला ऐकू जाईल असं बोललो.

"भाऊ, गोंडी काऊन शिकता हे मले माहीत होतं. ते मी त्याईले सांगतलं नाही. ते हसून राह्यले होते अन् मले ते गोड लागलं. तुमचं जाणं माझ्यामुळं गेलं. माझं चुकलं, भाऊ. मले माफ करा."